उलटे बाण

पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायला ती वाकली आणि तशीच थांबली. टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण मागे तोंड करून होता. चारही चाकांवर तेच.

तिच्या सासऱ्यांनी, अण्णांनी, सकाळीच टायर क्रॉस केले होते, डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे. झीज सारखी व्हावी म्हणून जुन्या जीपचे ते असेच बदलत आले होते. तिच्या गाडीचे टायर मात्र एकाच दिशेने फिरणारे. उलटे बसवले की त्यांच्या खाचा पाणी बाहेर टाकत नाहीत, ओल्या रस्त्यावर गाडी घसरते. तिला रत्नागिरीला नोकरीवर रुजू व्हायचं होतं. वाटेत आंबा घाट होता आणि घाटात पाऊस. महिनाभर "ड्रायव्हर घेऊन जा" म्हणणारे अण्णा कालच एकटीने जायला हो म्हणाले होते. आता त्यांची चूक काढली, तर तो होकारही जाणार.

"अण्णा, टायर उलटे बसलेत."

"अगं, तुझ्या जन्माआधीपासून टायर बदलतोय मी!"

तिने बाणावर बोट ठेवलं. अण्णांनी चष्मा लावला आणि गाडीभोवती एक फेरी मारली. मग पाना तिच्या हातात दिला.

"तू खोल. मी जॅक लावतो."

शेवटी तिने आवळलेला प्रत्येक नट त्यांनी ओढून पाहिला. एकही हलला नाही. कमरेवर हात ठेवून ते वाकले आणि चारही लिंबं स्वतः ठेवली.

"ड्रायव्हर असता तर गाडी तशीच घेऊन गेला असता," अण्णा म्हणाले. "नीघ आता."