करवंदीचे काटे

“कुणालाच खरं वाटणार नाय, पण कर्नाळ्याचा किल्ला मी रोज दोनदा चढतो, माकडंच दमून माज्याकडं पाणी मागतात!” मुलाच्या हळदीत कमळाकर आपण बारीक कसे झालो ते रंगवून सांगत होता. बहीण गोदू पायाच्या जखमेची पट्टी सांभाळत हळदीची वाटी घेऊन आली. मधुमेहाचं तिचं इंजेक्शन पनवेलच्या एकाही मेडिकलमध्ये मिळत नव्हतं. ‘बारीक व्हायला लोक उचलतात,’ दुकानदार सांगत, आणि जखम भरत नव्हती. मस्करीत तिनं भावाचा सदरा वर करून पोटाला हळद फासली, तशी बोटं थांबली. बेंबीशेजारी निळसर ठिपके होते, सुई टोचून तिच्या पोटावर उठायचे तसेच. “करवंदीचे काटे लागले गं,” तो पुटपुटला, पण नजर तिच्या पट्टीवरून उचलेना. भर मांडवात गोदू म्हणाली, “दादा, सदरा न फाटता काटे बेंबीलाच लागले? माजी सुई तूच घेतोस!”