कमरेची पिन
पाच महिन्यांच्या लेकाचं झबलं मी आठवड्यात दुसऱ्यांदा उसवून सैल केलं. दिवसभर लोकांचे कपडे शिवायचे आणि उरल्या वेळात याच्या शिवणी सोडायच्या. सासूबाई म्हणाल्या, "नुसत्या अंगावरच्या दुधावर एवढं कुठे वाढतं मूल? काहीतरी दुखणं असणार." शेजारीण म्हणाली, "दूध पाजतेस की हवा भरतेस?" मी हसले, पण जीव थाऱ्यावर राहिना. शेवटी त्याला काखोटीला मारून दवाखाना गाठला. सिस्टरांनी त्याला काट्यावर ठेवलं. साडेनऊ किलो. त्यांनी तक्ता पाहिला, त्याचे हातपाय हलवून पाहिले. "ठणठणीत आहे. रांगायला लागला की अंग हलकं होईल. दूध तोडू नकोस." मी झबलं चढवत होते, तेवढ्यात त्यांची नजर माझ्या कमरेवर थांबली. तिथे कुर्त्याची मूठभर घडी घालून मी मोठी पिन लावली होती. "ही कधीपासून?" "आधी लहान पिन पुरायची," मी म्हटलं. "याचं उसवण्यातच वेळ जातो. माझा कुर्ता आत घ्यायचा राहून जातो." "सकाळपासून काय खाल्लंस?" मी आठवू लागले. चहा घेतला होता, निम्माच, गार झालेला. सिस्टरांनी बाळ उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि मोठ्यांच्या काट्याकडे बोट दाखवलं. "चपला काढ," त्या म्हणाल्या. "याचं वजन कुठून येतंय, ते बघू."