परतीचं पाकीट

नरहरी पोस्टमनने सायकल कुडाला टेकवली आणि लांबूनच कार्ड हलवून दाखवलं.

"घेतली गोष्ट, मास्तरीणबाई. पुढच्या अंकात." कार्ड त्याने वाटेतच वाचलं होतं. गावातली सगळी कार्डं तो वाचायचा.

हंसाने कार्ड घेतलं नाही. ती त्याच्या पिशवीत पाहत होती. "पाकीट नाही?"

"छापणार म्हटल्यावर पाकीट कशाला येल?"

पुण्याच्या मासिकांचा तो नियमच होता. कथेसोबत परतीचं पाकीट जोडायचं, तिकिटं लावून, आपलाच पत्ता घालून. नापसंत कथा त्यातून साभार परत यायची. हंसाच्या सात कथा तशा आल्या होत्या. पाकिटावरचा पत्ता दर वेळी तिचे वडील, पुंडलिक, घालायचे. ते घिवली गावातल्या होड्यांवर नावं रंगवायचे, आणि पाकिटावरही तीच जाड-बारीक, ऐटीतली अक्षरं. पाकीट परत आलं की म्हणायचे, "माझी अक्षरा पुना शहर बघून आली." हंसा ते पाकीट रागाने चुलीत घालायची. सातही घातली.

आठवं वैशाखात गेलं. ज्येष्ठात वडील गेले. नारळी पौर्णिमेच्या आधी बोईसरहून दुसरा रंगारी आला आणि त्याने सगळ्या होड्या नव्याने रंगवल्या. त्यानंतर गावात त्यांचं एक अक्षर उरलं नाही.

"तोंड असा का केलास गो?" बोंबील वाळत घालता घालता तिची आई जमना म्हणाली. "बाप सारखा म्हणायचा, ही घेतील, ही घेतील. घेतली ना?"

हंसाने नरहरीलाच विचारलं, "त्या पाकिटाचं काय केलं असेल त्यांनी?"

"तिकिटं सोलून दुसऱ्याला लावली असतील. शिक्का नसलेली तिकिटं कोण टाकतो?" मग तिच्याकडे बघून तो घाईने म्हणाला, "नायतर असेल पडलेलं. लिवा की त्यांना, नुसतं पाकीट धाडा म्हणून."

"कारण लिहावं लागेल."

"मंग लिवा."

"ते मला लिहायचं नाही."

वीजकेंद्राच्या बांधकामावरचा ट्रक रस्त्याने गेला. जमनाने धुळीला एक शिवी दिली आणि टोपलीवर फडकं ओढलं. हंसा ओट्यावर बसली, लगेच उठली, आत जाऊन पेन घेऊन आली.

"एक कोरं कार्ड द्या."

सायकलच्या सीटवर कार्ड ठेवून तिने उभ्याउभ्याच लिहिलं. दोन ओळी, मग पत्ता. पेनाचं टोक एका जागी कार्डात रुतलं.

नरहरीने सवयीने वाचलं. मग पुन्हा, मोठ्याने वाचलं. "'कथा कृपया छापू नये. सोबत जोडलेल्या पाकिटातून परत पाठवावी.' अवो बाई, सात वेळा मीच आणून दिल्यात परत. तुमच्याकडं बघायची चोरी व्हायची मला. आता कुठं एक घेतली, तर..."

"दुसऱ्या कशाला ते उत्तर देणार नाहीत," हंसा म्हणाली. "परत पाठवायला मात्र विसरत नाहीत."

"आणि पाकीट ऱ्हायलं नसेल तर? गोष्ट पण गेली, पाकीट पण गेलं."

हंसाने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"जमनावहिनी, तुमी तरी सांगा पोरीला," नरहरी म्हणाला. "छापून आली असती तर जल्माला पुरली असती."

जमना टोपली ठेवून आली. तिने ओले हात पदराला नीट पुसले, मगच कार्ड घेतलं. वरून खालून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं. नवऱ्याची अक्षरं तेवढी ती ओळखायची, होडी अजून खाडीच्या तोंडाशी असली तरी.

तिने कार्ड नरहरीच्या पिशवीत सरकवलं.

"टाक पेटीत," ती म्हणाली.

तो सायकलवर बसला आणि वळणापर्यंत गेला, तेव्हा तिने मागून हाक मारली.

"नरहरी, पाकीट आला तर हिला देऊ नको. माझ्या हातात दे."