शेवटचा स्क्रू

शवपेट्या बनवणाऱ्या सुताराच्या घराण्यात एक रीत होती: झाकणाचा शेवटचा स्क्रू कधीच पक्का आवळायचा नाही. “प्रभू हाक मारील तेव्हा बिचाऱ्याची उठताना पंचाईत नको,” असं त्याचे वडील मिश्कीलपणे सांगायचे, आणि रडणाऱ्या गिऱ्हाइकांना तोही तेच सांगत आला. आज पेटी त्याच्याच लेकीची होती, एका हाताने उचलता येईल एवढी. त्याने सगळे स्क्रू आवळले, शेवटचाही, तळहात सोलवटेपर्यंत. “कोणी हाकबिक मारत नसतं,” तो बायकोला म्हणाला. “आयुष्यभर लोकांना थापा मारल्या मी.” प्रार्थना करकरून तिचा आवाज बसला होता. तिने त्याच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला, पेटीपाशी गुडघे टेकले आणि शेवटचा स्क्रू थोडा उलटा फिरवला. तोही तिच्याशेजारी गुडघे टेकून बसला. “दे इकडे,” तो म्हणाला. “एकच सैल करून नाही भागायचं. पोरीच्या मनगटात एवढा जोर कुठे?”