दहा लाख तीन

ऑपरेशनला आत नेताना गणिताच्या बाईंनी नवऱ्याच्या हातात एक कोरा कागद कोंबला. "दहा लाख तीन. हिला कशाने भाग जातो, ते मी बाहेर येईपर्यंत शोधून ठेवा."

नवरा सुतार. त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि बाकड्यावर बसून भागायला घेतलं. सातने भागलं, बाकी चार. अकराने चार. तेरानेही चारच. बायकोवर मनातल्या मनात चरफडत, चुकलं की पुन्हा करत त्याने कागद दोन्ही बाजूंनी काळा केला. नर्सने येऊन खांदा हलवला तेव्हा तो चारशे एकोणीसवर होता.

बाई गुंगीतून जाग्या झाल्या तसा तो ओशाळून म्हणाला, "अगं, नाही सापडलं."

"सापडणार कसं? मूळ संख्या आहे ती. कशानेच भाग जात नाही." बाईंचा आवाज जेमतेम फुटत होता. "जाणारी दिली असती तर तुम्ही लगेच मोकळे झाला असता. मग बाहेर तुम्हाला कोणी सांभाळलं असतं?"

सुताराने त्या कागदाची नीट घडी घातली आणि तो वरच्या खिशात ठेवला. ऑपरेशन थिएटरच्या दारावरचा लाल दिवा कधी लागला आणि कधी विझला, त्याला काही केल्या आठवेना.