नावं संपेपर्यंत

पडद्यावर नावं सरकू लागली, पण थिएटरातलं कोणीही उठलं नाही. या दिग्दर्शकाचा तसा नियमच होता. नट, नाचणारे, कपडे शिवणारे, चहा पाजणारे, अशी सगळ्यांची नावं संपली की तो एक लहानसा प्रसंग दाखवायचा, आणि तीन तासांत न सुटलेला गुंता त्यात सुटायचा. जाणते प्रेक्षक म्हणून बसून राहत. उठत ते नुसते एसीच्या गारव्याला आलेले.

अश्लेषा जाणत्यांपैकी होती. उडणाऱ्या नायकाचे आधीचे दोन्ही भाग तिने केदारच्या शेजारी बसून पाहिले होते. पहिल्याच्या वेळी दोघं कॉलेजात होती. दुसऱ्याच्या वेळी केदार बंगळुरूच्या नोकरीतून सुट्टीवर आला होता. त्या भागाची गोष्ट नावांनंतरही अर्धवटच राहिली आणि लोक चिडले, तेव्हा केदार म्हणाला होता, "भरोसा ठेव. तिसऱ्यात हा डायरेक्टर सगळं बरोबर जुळवून आणतो." आज त्याच्या जागी तिचा चुलतभाऊ शंतनु बसला होता. केदारला सिनेमाला येणं जमलं नव्हतं. तो उद्या, शनिवारी पोचणार होता, कारण परवा रविवारी त्या दोघांचा साखरपुडा होता.

साखरपुडा ठरण्याची ही तिसरी खेप. एकदा केदारचं ऑफिस आडवं आलं होतं, एकदा त्याचा आजारी मामा. दोन्ही वेळा घरच्यांची समजूत अश्लेषानेच काढली. तिच्या आईला, इंदुताईंना, ते लगेच पटलं. ग्वाल्हेरात मराठी मुलगा म्हणजे उंबराचं फूल, त्यात घर ओळखीचं. तेव्हा ताणून धरायचं नाही, असा त्यांचा हिशेब. वडिलांनी, भालचंद्रांनी, दोन्ही वेळा पाहुण्यांना फोन करून तारीख पुढे गेल्याचं कळवलं. या खेपेला मात्र झाशीची आत्या कंपू मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरी येऊन उतरलीसुद्धा होती. टोपी बाजारातून पेढ्यांसाठी डबे आले होते. अश्लेषा निघताना भालचंद्रांनी एवढंच विचारलं, "रविवार नक्की ना गं?"

"नक्की, बाबा," ती म्हणाली. खात्री तिलाही नव्हती, पण तसं तिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"ताई, एकदम बकवास होता यार," शंतनु म्हणाला. "दुसऱ्या पार्टमध्ये ज्या बहिणीसाठी पूरं शहर पालथं घातलं, ती या पार्टमध्ये आलीच नाही! आणि विलनला एका गाण्यात माफ करून टाकलं?"

"थांब. नावं संपू दे."

तेवढ्यात तिचा मोबाइल थरथरला. केदारचा मेसेज होता. 'अशू, संडेचं जरा मुश्किल दिसतंय. ऑफिसात अर्जंट काम निघालं. घरी तू बोलून दे ना, तू छान समजावतेस. भरोसा ठेव.'

तिने तो वाचला आणि मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. पडद्यावर मारामारी करणाऱ्यांची नावं चालली होती.

"पण बहीण का नाही आली?" शंतनु पिच्छा सोडेना.

"त्याचं काहीतरी कारण असेल," अश्लेषा म्हणाली. "तो उगाच असं करत नाही. तू शेवट व्हायच्या आतच मत बनवून मोकळा होतोस. थोडा धीर धर. आजवर त्याने कधी..."

ती थांबली. हे सगळं बोलणं तिला तोंडपाठ होतं. याच शब्दांत, याच क्रमाने ते तिने स्वयंपाकघरात आईसमोर दोनदा म्हटलं होतं, आणि तेव्हा ते सिनेमाबद्दल नव्हतं. आता घरी जाऊन ती तिसऱ्यांदा तेच म्हणणार होती. तिला लाज वाटली. मग राग आला. तो केदारपेक्षा स्वतःचाच जास्त होता, म्हणून अधिक झोंबला.

ती उठली.

"मॅडम, बैठिए ना, अभी आएगा," मागून कोणीतरी कळवळून म्हणालं. लोकांच्या गुडघ्यांना धडकत ती रांगेतून बाहेर पडली. शंतनु कुरकुरत मागोमाग आला, पण दारापाशीच घुटमळत राहिला. एक पाय आत, एक बाहेर.

बाहेर येऊन अश्लेषाने केदारला फोन लावला. त्याने लगेच उचलला.

"बाबांना तू सांग," ती म्हणाली.

"अगं, मी काय बोलू त्यांना? तुझं ऐकतात ते."

"मग आता कधी?"

"बघू ना. दिवाळीच्या आसपास. एकदम मस्त करू, अशू. तू बस भरोसा ठेव."

तोच आत एकच गिल्ला झाला. शिट्ट्या, टाळ्या, आरोळ्या. लोक खुर्च्या बडवू लागले. शंतनुने आत डोकावून पाहिलं आणि तो आनंदाने ओरडला, "ताई! बहीण आली! जिंदा आहे ती! चल लवकर, सगळं क्लियर होतंय!"

तो गोंगाट पार बंगळुरूपर्यंत पोचला. केदार हसला.

"बघ! बोललो होतो ना? शेवटी जमवलंच त्याने. काय दाखवलं, सांग ना."

"माहीत नाही," अश्लेषा म्हणाली. "मी मधेच उठून आले, केदार. आणि बाबांना मी सांगते, आता पुढची तारीख धरू नका म्हणून."