सगळ्याची माती

आमच्याकडे भाजीच्या साली, देठं, चहाचा चोथा, वाळकी पानं, सगळं परसातल्या वाफ्यात पुरतात. हे काम सासूबाई दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. चिरून झालं की ताटात असेल नसेल ते खड्ड्यात ओततात आणि वर माती लोटतात. “माझ्या वाफ्यात गेलं की सगळ्याची माती होते,” हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचं ठरलेलं.

उन्हाळ्यात स्टीलचे चार चमचे एकेक करून गायब झाले. सासूबाईंनी भांडी घासणाऱ्या मावशींची पिशवी भर फाटकात उलटी केली. पिशवीत काही निघालं नाही, तरी गल्लीभर बोभाटा केला. मावशींनी पिशवी झटकली. “सापडले की सांगायला माझ्या घरी या,” म्हणाल्या, आणि गेल्या त्या गेल्याच.

काल सासूबाईंची कंबर धरली, म्हणून खड्डा खणायला मी गेले. कुदळ खणकन वाजली. चारही चमचे तिथेच होते. एकाला तर आंब्याची कोय चिकटलेली.

सासूबाईंनी माझ्या हातातले चमचे बघितले, मग कुंपणापलीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “पुरून टाक परत. आता कशाला उगाच शोभा? लोकही विसरलेत.”

“आई, स्टील कुजत नाही.” मी चमचे न धुताच त्यांच्या हातात दिले आणि त्यांच्या चपला आणून पायांशी ठेवल्या.



“चला. मावशींनी घरी बोलावलंय.”